परदेशातून रोप मागवताना कीड मागवू नका

रमजान जवळ आला की मुंबईच्या मस्जिद बंदर भागात आणि वाशीच्या बाजारात खजुराच्या पेट्यांचे ढीग लागतात. इराक, इराण, सौदी अरेबिया, ट्युनिशिया अशा देशांतून हा माल येतो. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांचे पोट या धंद्यावर आहे. पण खजुराच्या झाडाचा जगातला सर्वांत मोठा शत्रू ज्याला म्हणतात, तो किडा मूळचा आपल्याच भागातला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. कोकणातले नारळवाले त्याला चांगले ओळखतात. सोंड्या भुंगा तो हाच.

हा भुंगा समुद्र ओलांडून आखाती देशांत उडत गेला नाही. माणसांनी त्याला रोपांबरोबर गाडीत आणि जहाजात घालून, भाडे भरून नेले. जे त्या देशांच्या बाबतीत घडले तेच आपल्या बाबतीत उलट्या दिशेने घडू शकते, आणि अनेकदा घडलेही आहे. म्हणून परदेशातून रोपे, बियाणे, लाकूड, फळे किंवा नुसत्या लाकडी पेट्यांत भरलेला कोणताही माल मागवणाऱ्या आपल्या बांधवांसाठी आज हा विषय घेत आहोत. यात देशाचे हित आहे, आणि व्यापाऱ्याच्या खिशाचाही प्रश्न आहे.

सोंड्या भुंगा आखातात कसा पोहोचला?

सोंड्या भुंगा साधारण ३ ते ४ सेंटीमीटर लांब, लालसर तपकिरी रंगाचा असतो. तोंडापुढे लांब सोंड असते, त्यावरून हे नाव पडले. मादी झाडाच्या जखमेत किंवा मऊ भागात अंडी घालते. एक मादी २०० आणि त्याहूनही जास्त अंडी घालू शकते. अंड्यातून निघालेली पांढरट, पाय नसलेली अळी खोडात शिरते आणि आतला गर खात राहते. वाढ पुरी झाली की ती झाडाच्याच धाग्यांचा कोश विणते आणि त्यातून भुंगा बाहेर पडतो. हा सारा प्रकार तीन-चार महिने खोडाच्या आत चालतो. बाहेरून झाड हिरवेगार दिसते. भोकातून तपकिरी चिकट पाणी गळू लागले, चावलेला भुसा बाहेर आला किंवा शेंडा कलला, की मग मालकाला समजते. तोपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

खजुराची लागवड पिढ्यान्‌पिढ्या बुंध्याशी येणाऱ्या फुटव्यांपासून केली जाते. बीपासून लावले तर झाड नर निघेल की मादी, आणि फळ मूळ झाडासारखे येईल की नाही, याचा भरवसा नसतो. म्हणून चांगल्या जातीचे फुटवे विकत घेऊन लांब लांब नेण्याचा धंदा जुना आहे. त्यात १९८०नंतर आखाती शहरांत रस्त्याकडेला आणि बंगल्यांभोवती शोभेचे ताड-माड लावण्याची हौस वाढली. अशी तयार झाडे बाहेरून येऊ लागली. १९८५च्या सुमारास संयुक्त अरब अमिरातीत आणि १९८७मध्ये सौदी अरेबियात हा भुंगा सापडला. १९९०च्या दशकात तो इराण, इजिप्त आणि स्पेनपर्यंत गेला. एक भुंगा स्वतःच्या पंखांनी फार तर काही किलोमीटर जातो. हजारो किलोमीटरच्या या उड्या त्याने मालगाड्या आणि जहाजांतून मारल्या.

ज्याने फुटवे विकले आणि ज्याने घेतले, त्या दोघांच्याही मनात काही वाईट नव्हते. माल डोळ्यांना चांगला दिसत होता. डोळ्यांना चांगला दिसणारा माल निरोगी असतोच असे नाही, ही या विषयातली पहिली गोष्ट आहे. बंदरावरचा तपासनीस कितीही हुशार असला तरी खोडाच्या आतली अळी त्याला दिसत नाही. म्हणून कायदा नुसत्या तपासणीवर थांबत नाही. माल निघण्यापूर्वी, वाटेत आणि आल्यानंतर असे तीन ठिकाणी तो पहारा बसवतो.

पहारा कडक ठेवला तर फळही मिळते. स्पेनच्या ताब्यातल्या कॅनरी बेटांवर २००५मध्ये हा भुंगा सापडला. तिथे बाहेरून पामची झाडे आणण्यास बंदी घातली गेली, झाडांची ने-आण परवान्याशिवाय बंद केली, लागण झालेली झाडे तोडून नष्ट केली, सापळे लावले. २०१६मध्ये बेटे भुंगामुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. असे यश मात्र क्वचित मिळते. बहुतेक ठिकाणी एकदा आलेली कीड कायमची राहते आणि दरवर्षी खर्च मागते.

आपल्याकडे काय काय आले?

महाराष्ट्रात गाजरगवत कोणाला माहीत नाही? पुण्यात ते १९५५-५६च्या सुमारास पहिल्यांदा नजरेस आले. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आज ते देशभर पसरले आहे. शेते, माळ, रेल्वेचे रूळ, काहीही सुटले नाही. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज आणि पुरळ येते.

बटाट्याच्या मुळांवर जगणारा एक सूत्रकृमी १९६१मध्ये निलगिरीत सापडला. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या या कृमीमुळे तिथला बटाटा बियाणे म्हणून बाहेर नेण्यास बंदी घालावी लागली. ज्या शेतकऱ्यांचा आणि आडत्यांचा धंदा त्या बियाण्यावर होता, त्यांचा बाजार त्या दिवसापासून आखडला.

पपईवरचा पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेतला. २००८मध्ये तो तामिळनाडूत कोइमतूरकडे आढळला. पपईबरोबर त्याने तुतीवरही हल्ला केला. तुती गेली की रेशमाच्या किड्याचे खाणे गेले, आणि त्याचा धक्का रेशीम काढणाऱ्या व विणणाऱ्या कारागिरापर्यंत पोहोचतो. ज्याने आयुष्यात कधी पपईचे रोप पाहिले नाही त्याचीही रोजी अशी अडचणीत येते. औषधे फवारून हा ढेकूण आटोक्यात येईना. शेवटी २०१०मध्ये प्वेर्तो रिकोहून त्याचा नैसर्गिक शत्रू असलेली एक बारीक गांधीलमाशी, सर्व तपासण्या करून, आणून सोडली. तेव्हा कुठे त्याचा जोर ओसरला.

२०१४मध्ये पुण्याकडे टोमॅटोवर दक्षिण अमेरिकेतली पाने पोखरणारी अळी सापडली. २०१८मध्ये कर्नाटकात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी दिसली आणि पुढे महाराष्ट्रातल्या मक्यावरही आली. या साऱ्याच किडी रोपांतून आल्या असे नाही. काही वाऱ्याबरोबर येतात, काही फळांच्या खोक्यांतून. पण आल्यावर जे होते ते सगळीकडे सारखेच असते.

असे का होते, हेही समजून घेऊ. प्रत्येक किडीला तिच्या मूळ मुलखात तिला खाणारे दुसरे किडे, बुरशी व पक्षी असतात. तिथली झाडेही तिच्याशी झुंजत मजबूत झालेली असतात. रोपाबरोबर कीड येते, पण तिचे शत्रू मागेच राहतात. नव्या मुलखात तिला खायला भरपूर मिळते आणि अडवणारा कोणी नसतो. म्हणून मूळ देशात क्षुल्लक असलेला किडा परक्या देशात बागाच्या बागा उठवतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजाप्रमाणे किडी व रोगांमुळे जगातील पिकांचे दरवर्षी ४० टक्क्यांपर्यंत नुकसान होते.

कायदा काय म्हणतो?

हे नियम अलीकडेच कोणीतरी व्यापाऱ्यांना त्रास द्यायला काढले, असा काहींचा समज असतो. तो बरोबर नाही. अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर एक कीड फ्रान्समध्ये पोहोचली आणि तिने तिथले द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. त्यानंतर १८८१ साली युरोपातल्या देशांनी याबाबत करार केला. आपल्याकडे विनाशक किडी व पीडा कायदा १९१४ साली झाला. १९५१मध्ये वनस्पती संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारतही त्यात आहे. आपल्याकडे आयातीला सध्या २००३चा वनस्पती क्वारंटाइन आदेश लागू आहे. तो १ जानेवारी २००४पासून अमलात आला आणि त्यात वेळोवेळी दुरुस्त्या होत असतात. हे काम केंद्र सरकारचे वनस्पती संरक्षण, क्वारंटाइन व साठवण संचालनालय पाहते. त्याचे मुख्यालय फरिदाबादला असून मुंबईत प्रादेशिक केंद्र आहे.

आदेशात परदेशी वनस्पतीमालाचे ढोबळमानाने चार वर्ग पाडले आहेत.

पहिला वर्ग, ठराविक देशांतून मुळीच न आणायच्या वस्तूंचा. उदाहरणार्थ, दक्षिण अमेरिकेत रबराच्या झाडाला पानांच्या करप्याचा भयंकर रोग आहे, म्हणून तिकडची रबराची रोपे बंद. दुसरा वर्ग, ज्या फक्त नेमलेल्या सरकारी वा संशोधन संस्थांमार्फतच आणता येतात. तिसरा वर्ग, ज्या परवाना घेऊन आणि लिहून दिलेल्या अटी पाळून आणता येतात. चौथा वर्ग खाण्यासाठी किंवा कारखान्यात वापरण्यासाठी येणाऱ्या काही मालाचा. त्याला निर्यातदार देशाचे प्रमाणपत्र, इथली तपासणी आणि गरज पडल्यास धुरी एवढे पुरते.

कोणती वस्तू कोणत्या वर्गात, हे तिचे शास्त्रीय नाव, ती कोणत्या देशाची आणि ती कशासाठी आणली जाते या तीन गोष्टींवर ठरते. खाण्यासाठी येणारा बटाटा आणि लावण्यासाठी येणारा बटाटा हे कायद्याच्या दृष्टीने दोन निराळे माल आहेत. खाण्याचा माल शिजतो, संपतो. लावण्याचा माल जमिनीत जातो आणि त्याच्यातली कीडही जमिनीत जाते. म्हणून लागवडीच्या मालाला अटी जास्त.

दोन कागद या साऱ्या व्यवहाराचे प्राण आहेत. एक, आपल्या सरकारचा आयात परवाना. तो ज्याच्या नावाने निघतो त्यानेच वापरायचा असतो, दुसऱ्याला देता येत नाही. दुसरा, माल पाठवणाऱ्या देशाच्या सरकारी वनस्पती संरक्षण खात्याने दिलेले वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, ज्याला धंद्यात सगळे ‘फायटो’ म्हणतात. विकणाऱ्या कंपनीचे हमीपत्र त्या जागी चालत नाही.

या फायटोवर अनेक वस्तूंसाठी एक ज्यादा निवेदन लागते. म्हणजे ‘हा माल अमुक किडीपासून व अमुक रोगापासून मुक्त आहे’ असे त्या खात्याने नाव घेऊन लिहिलेले असावे लागते. आपले अनेक बांधव इथेच फसतात. फायटो असते, सही असते, शिक्का असतो, पण ते एक वाक्य नसते. मग माल बंदरावर अडतो.

न्हावाशेव्याला माल अडला तर

समजा, एखाद्या नर्सरीवाल्याने थायलंडहून शोभेच्या पामची दोन हजार रोपे मागवली. दलाल म्हणाला, ‘परवान्याचे मागाहून पाहू, माल लवकर निघू दे.’ कंटेनर न्हावाशेव्याला आला. परवाना नाही, मुळांना माती चिकटलेली. परदेशी माती आणण्यास तर आपल्याकडे मनाईच आहे, कारण एका मुठीत किती कृमी आणि बुरशी असतील याचा हिशेब नाही. आता पुढे काय? अधिकारी तो माल परत पाठवायला किंवा नष्ट करायला सांगू शकतात, आणि दोन्हीचा खर्च मागवणाऱ्याने करायचा. निर्णय होईपर्यंत बंदराचे डेमरेज आणि जहाज कंपनीचे कंटेनरभाडे रोज चढते. बंद कंटेनरात रोपे रोज मरतात. शेवटी माल सुटला तरी विकण्यासारखे फार काही उरत नाही.

याच व्यवहारातली आणखी एक बाजू. बँकेतून लेटर ऑफ क्रेडिट उघडले असेल तर बँक माल पाहत नाही, कागद पाहते. तुम्ही एलसीमध्ये फायटो मागितलेच नसेल, तर बाकीचे कागद बरोबर आहेत म्हणून बँक विकणाऱ्याला पैसे देऊन टाकते. तिकडे विकणाऱ्याचे पैसे मोकळे आणि इकडे तुमचा माल अडकलेला. एलसीच्या कागदांच्या यादीत फायटो, आणि लागणारे ज्यादा निवेदन शब्दशः, लिहून घेतले असते तर ही पाळी आली नसती.

लागवडीची रोपे सर्व कागद बरोबर असूनही लगेच विकता येत नाहीत, हेही नव्या माणसाने ध्यानात घ्यावे. ती आधी मान्यता मिळालेल्या, बंदिस्त जागेत नेमून दिलेल्या मुदतीपर्यंत वाढवावी लागतात. नेमलेला तज्ज्ञ, बहुधा कृषी विद्यापीठातला, येऊन पाहतो. कारण सोंड्या भुंग्याच्या बाबतीत पाहिले तसे, आतला रोग दिसायला वेळ लागतो. जागा नसेल तर परवानाही मिळत नाही. म्हणून आधी जागा, मग परवाना आणि मग माल, असा क्रम ठेवावा.

कोणत्या धंद्याने काय पाहावे?

*खजूर, सुकामेवा व मसाले:* या धंद्यात दुबईमार्गे येणारा माल पुष्कळ. माल इराकचा आणि जहाज दुबईचे असेल तर नियम माल जिथे पिकला त्या देशाप्रमाणे लागतात. अशा वेळी दुबईहून पुनर्निर्यातीचे फायटो आणि त्यासोबत मूळ देशाच्या फायटोची प्रत लागते. दुबईच्या व्यापाऱ्याने ‘माझाच माल समजा’ म्हटले तरी तेवढ्याने चालत नाही. जुन्या पोत्यांत नवा माल भरू नये, कारण पोत्याच्या शिवणीत किडे महिनोन्‌महिने लपून राहतात.

*इमारती लाकूड व फर्निचर:* भुंगेरे सालीखाली अंडी घालतात आणि अळ्या लाकडात बोगदे पाडतात. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतून ओंडके मागवताना साल पूर्ण काढलेली असावी, धुरी दिल्याचा तपशील, म्हणजे कोणते औषध, किती मात्रा, किती तास आणि किती तापमान, फायटोवर लिहिलेला असावा. मिथिल ब्रोमाइडच्या धुरीने ओझोनच्या थराला हानी होते म्हणून अनेक देशांनी ती सोडली आहे. तुमचा पुरवठादार कोणती प्रक्रिया करू शकतो आणि आपले खाते ती मानते का, हे सौद्यापूर्वी विचारावे. वखारीत परदेशी लाकडातून ताजा भुसा पडताना दिसला तर ते लाकूड गुपचूप दुसऱ्याला विकू नये. खात्याला कळवावे.

*नर्सरी:* खजूर, केळी, ऑर्किड अशांसाठी प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली उतीसंवर्धित रोपे मिळतात. त्यांना माती नसते आणि खोडात किडा लपण्याचा प्रश्न येत नाही. कच्छमधल्या खजूरवाल्यांनी अशी रोपे लावली आहेत. रोप महाग पडते, पण धोका पुष्कळ कमी होतो. विषाणूची तपासणी मात्र त्यांचीही लागते.

*काच, क्रोकरी, यंत्रे, टाइल्स:* आमचा माल तर काचेचा, आमचा झाडांशी काय संबंध, असे हे बांधव म्हणतील. संबंध पेटीचा आहे. गवत किंवा पेंढा भरून माल पाठवू नका, असे पुरवठादाराला आधीच कळवावे. पेटीचे लाकूड प्रक्रिया केलेले असावे. त्याबद्दल पुढे लिहीत आहोत.

*गल्फहून घरी येणारे:* रत्नागिरी, रायगडमधले आपले अनेक तरुण आखातात नोकरीला आहेत. सुट्टीवर येताना बॅगेत एखादा खजुराचा फुटवा, डाळिंबाची काडी किंवा फुलझाडाचा कंद आणण्याचा मोह होतो. घरी खाण्यापुरती थोडी फळे आणण्याला सवलत आहे. लावण्यासाठी आणलेले रोप, काडी वा बी ही वेगळी गोष्ट आहे. त्याला परवाना आणि फायटो दोन्ही लागतात, मग नग एकच का असेना. कोकणात प्रत्येक घरामागे नारळ-सुपारी आहे. बॅगेतून आलेली एक काडी शेजाऱ्यांच्या साऱ्या वाडीला महाग पडू शकते.

लाकडी पेटीचा शिक्का

पेट्या, खोकी आणि पॅलेट बनवणारे सुतार आपल्या समाजात बरेच आहेत. त्यांच्या कामाशी या विषयाचा थेट संबंध आहे. न्यूयॉर्कमध्ये १९९६मध्ये आशियातला लांब मिशांचा एक भुंगेरा सापडला. तो चीनहून आलेल्या मालाच्या लाकडी पेट्यांतून पोहोचला होता. हजारो झाडे तोडावी लागली. २००२मध्ये डेट्रॉइटजवळ दुसरा हिरवा भुंगेरा सापडला. त्याने पुढे अमेरिकेत ॲश जातीची कोट्यवधी झाडे मारली. तोही पॅकिंगच्या लाकडातून आला असावा असे मानतात. पेटीत यंत्राचे भाग होते की काचसामान, कोणाला आठवत नाही. नुकसान मात्र पेटीच्या फळीने केले.

त्यानंतर २००२मध्ये पॅकिंगच्या लाकडासाठी आंतरराष्ट्रीय नियम ठरला. लाकडाची साल काढलेली असावी, आणि ते अगदी गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस तापमानाला सलग ३० मिनिटे तापवलेले असावे, किंवा मान्य पद्धतीने धुरी दिलेली असावी. अशा पेटीवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह, देशाची दोन अक्षरे, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि प्रक्रियेची खूण असा शिक्का असतो. प्लायवूड व पार्टिकल बोर्ड तयार होतानाच गोंद, उष्णता व दाबातून जाते, म्हणून त्याला हा नियम नाही. ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकडालाही नाही.

कारागिरांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. शिक्का असलेल्या जुन्या पेटीच्या एक-दोन फळ्या बदलल्या तर नव्या फळ्याही प्रक्रिया केलेल्या व खूण असलेल्या हव्यात. एक तृतीयांशाहून जास्त लाकूड बदलले तर जुने सगळे शिक्के पुसून पेटीवर नव्याने प्रक्रिया करावी लागते. दुसरे, नोंदणी नसताना शिक्का कोरून घेणे ही सरळ फसवणूक आहे. पितळेच्या किंवा चामड्याच्या मालाची ऑर्डर महिनोन्‌महिने खपून पुरी करायची आणि परदेशात पेटीतल्या अळीमुळे सगळा कंटेनर परत यायचा, असे होऊ देऊ नका. दहा रुपयांच्या शिक्क्याने दुसऱ्या कारागिराची सगळी मेहनत बुडते.

आपला मालही अडतो

आपले खाते फार कडक आहे अशी तक्रार करताना दुसरी बाजूही पाहावी. मे २०१४मध्ये युरोपीय संघाने आपल्या आंब्यावर आणि कारले, वांगी अशा चार भाज्यांवर बंदी घातली. पेट्यांत फळमाश्या व इतर किडी सापडल्या होत्या. ऐन हंगामात हापूसचा लंडनचा बाजार बंद झाला. गरम पाण्याच्या प्रक्रियेची आणि तपासणीची व्यवस्था झाल्यानंतर २०१५च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली. म्हणजे आपल्या एका हंगामाची किंमत काही पेट्यांतल्या माश्यांनी ठरवली.

धान्यातला खापरा किडा हा तर आपल्या भागातलाच, जगाने त्याचे नावही आपल्याकडचेच उचलले. त्याची अळी फटीत लपून उपाशीपोटी वर्षानुवर्षे जगू शकते. ऑस्ट्रेलिया, अमेरिका या देशांना त्याची इतकी धास्ती आहे की तांदूळ, हरभरा किंवा मसाल्यात तो सापडला तर माल परत येतो. ते आपल्याशी जसे वागतात तसेच आपण इतरांशी वागतो. १९९५च्या जागतिक व्यापार करारात देशांना हा हक्क दिला आहे. अट एवढीच की रोखण्यामागे शास्त्रीय कारण हवे, नुसता आपला बाजार राखण्याचा डाव नको.

व्यापाऱ्यांच्या तक्रारींत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. तपासणीला वेळ लागतो, नाशिवंत मालाला एकेक दिवस भारी पडतो, नियमांच्या याद्या लांबलचक आहेत आणि त्या मराठीत सहज मिळत नाहीत. लहान व्यापारी त्यामुळेच दलालाच्या भरवशावर राहतो. याबद्दल व्यापारी संघटनांनी खात्याकडे जरूर बोलावे. पण कागद चुकवून माल सोडवणे हा त्यावरचा इलाज नव्हे.

सौदा करण्यापूर्वी

आमच्या मते आगाऊ रक्कम देण्यापूर्वी प्रत्येकाने एवढ्या गोष्टी पाहून घ्याव्यात:

१. मालाचे शास्त्रीय नाव काय, तो कोणत्या देशात पिकला आणि लागवडीसाठी आहे की खाण्या-वापरण्यासाठी?

२. या देशातून हा माल आणण्यास परवानगी आहे का? परवाना लागतो का? लागत असेल तर तो हातात आल्यावरच माल निघू द्यावा. दलालाच्या तोंडी उत्तरावर न राहता क्वारंटाइन केंद्रातून खात्री करावी.

३. फायटोवर कोणते ज्यादा निवेदन लागते? ते शब्दशः ऑर्डरमध्ये व एलसीमध्ये लिहावे.

४. जहाज सुटण्यापूर्वी फायटोची प्रत मागवून वाचावी. नाव, वजन, नग, देश, प्रक्रियेचा तपशील आणि निवेदन, सगळे जुळते का? खाडाखोड असेल तर नवे मागावे.

५. पेट्यांवर ओंबीचा शिक्का आहे का? माती, गवत, पेंढा, साल तर नाही?

६. ज्या बंदरात माल उतरणार तिथे या मालाच्या तपासणीची सोय आहे का?

७. माल अडला, परत गेला किंवा नष्ट करावा लागला तर खर्च कोणाचा, हे करारात लिहिले आहे का?

या सात प्रश्नांना एक दिवस जातो. बंदरावर अडलेल्या कंटेनरला कित्येक आठवडे जातात.

सोंड्या भुंगा ज्या फुटव्यात बसून आखातात उतरला, तो फुटवा घेणाऱ्यानेही त्या वेळी भाव, जात आणि वाढ पाहिलीच असेल. आत काय आहे हे विचारायचे राहिले. आज तिथले बागाईतदार खजुराच्या एकेका बुंध्याला कान लावून अळीची कुरतड ऐकतात, सापळे लावतात आणि दरवर्षी झाडे तोडून नष्ट करतात. आपल्या कोकणातल्या नारळीच्या, नाशिककडच्या द्राक्षांच्या आणि सोलापूरकडच्या डाळिंबांच्या मालकावर परदेशी किडीमुळे अशी पाळी येऊ नये. परदेशी मालाची पुढची ऑर्डर लिहिण्यापूर्वी वरचे सात प्रश्न समोर ठेवा, एवढेच आमचे सांगणे आहे.